पाणी घालू नये

आमच्या सासरी माणसाला पाणी विचारायला एखादवेळी उशीर होईल, पण झाडाला कधी झाला नाही. मी लग्न होऊन वसईच्या या वाडीत आले ती मास्तरच्या घरातून. माहेरी दारात एक कर्दळ होती, तीही आपली आपण आलेली. इथे बघते तर तीन बाजूंना केळी, चौथ्या बाजूला बावखल, म्हणजे आमचं वाडीतलं तळं, आणि मध्ये घर, कुणीतरी चुकून ठेवून गेल्यासारखं. आमचे हे सकाळी उठले की तोंड धुवायच्या आधी केळीची आळी बघायला जायचे. तोंड धुवायचे तेही अळवाच्या वाफ्यात उभे राहून, चूळ वाया जायला नको म्हणून. पाहुणा आला की मी चहा ठेवायची आणि हे पाहुण्याला घेऊन वाडीत. पाहुण्याच्या चपला चिखलाने भरल्या की ह्यांना वाटायचं, झाला पाहुणचार.

हे सगळं सांगायचं कारण, असल्या घरात मी एक झाड आणलं ज्याला पाणी घालायचं नव्हतं. सत्तरचं दशक सरत आलं होतं तेव्हाची गोष्ट. पण आधी मुकुटाचं सांगते, नाहीतर कुणाला काही कळायचं नाही.

आमच्या देवळात गुड फ्रायडेला येशूची लाकडी मूर्ती बाहेर काढतात, हात बांधलेली. तिच्या डोक्यावर काट्यांचा मुकुट असतो आणि तो दर वर्षी ताजा विणायचा. तो मान आमच्या घराचा. कधीपासून, कुणी दिला, का दिला, यातलं कुणालाच काही माहीत नाही, आणि मानाच्या बाबतीत तसं विचारायचंही नसतं. मूर्ती उचलायचा मान एका घराचा, मूर्तीपुढच्या मेणबत्त्यांचा दुसऱ्या घराचा. त्या दिवशी घंटा वाजत नाहीत, लाकडी खटखटा वाजतो, त्याचा मान तिसऱ्या घराचा, आणि त्या घरातला म्हातारा ठार बहिरा होता तरी वाजवायचा तोच. थांब म्हणून सांगायला दोन माणसं लागायची.

माझे सासरे होते तोवर विहिरीजवळच्या बोरीच्या फांद्या तोडून तेच मुकुट विणायचे. शेवटची काही वर्षं त्यांनी आमच्या ह्यांना समोर बसवून शिकवलं. मोठ्या मुलाला शिकवलं नाही. का, तर म्हणे त्याचे हात जाड. माझ्या मोठ्या दिरांची बोटं खरोखरच वेलची केळ्यांसारखी होती, आणि त्यांनी ही गोष्ट कधी मनावर घेतली नाही असं मला तेव्हा वाटायचं.

सासरे गेले आणि वाडीचे दोन भाग झाले. मध्ये छातीएवढा दगडांचा गडगा आला. विहीर सामाईक, पंपाची मोटार सामाईक. बोर मोठ्या दिरांच्या भागात गेली आणि मान आमच्याकडे राहिला. म्हणजे काटे त्यांचे आणि मुकुट आमचा. भाऊ-भाऊ बोलत होते तोवर यात काही अडचण नव्हती.

मग पाण्याच्या पाळीवरून बिनसलं. सकाळची मोटार त्यांची, दुपारची आमची. एका मे महिन्यात त्यांची मोटार आमच्या पाळीत अर्धा तास चालू राहिली. दीर म्हणाले, डोळा लागला. हे म्हणाले, "डोळा बरा माझ्याच पाळीत लागतो!" त्यावर दिरांनी काहीतरी म्हटलं, त्यावर ह्यांनी आणखी काहीतरी, आणि दोघांनी तोंडं फिरवली ती फिरवलीच. अर्धा तास पाणी! समोर बावखल तुडुंब भरलेलं आणि हे दोघे अर्ध्या तासाच्या पाण्यासाठी सख्खं नातं विसरले. मला असा संताप यायचा की दोघांना त्याच बावखलात ढकलावं.

तेव्हापासून सगळं बोलणं आम्हा जावांमार्फत. दोघे आपापल्या अंगणात, मध्ये गडगा, आणि दीर खणखणीत आवाजात आपल्या बायकोला म्हणायचे, "तिला सांग, मोटारीचा पट्टा तुटलाय." मग ती मला म्हणायची, "अगो, मोटारीचा पट्टा तुटलाय." मग मी वळून ह्यांना सांगायची. हे म्हणायचे, "ऐकलं मी." मी म्हणायची, "ऐकलं ना, मग मला कशाला मध्ये उभी केलीत? चुलीवर भात आहे माझा!"

बोर मागायची सोय राहिली नाही. पहिल्या वर्षी हे सायकल घेऊन थेट चिंचोटीकडच्या रानात गेले आणि बाभळीच्या फांद्या घेऊन आले. दुसऱ्या वर्षीही तेच. तिसऱ्या वर्षी फांद्यांबरोबर लाल मुंग्याही आल्या. ह्यांच्या ते लक्षात आलं नाही. देवळात लोक एकेक करून मूर्तीच्या पायांचं चुंबन घ्यायला रांगेत उभे, आणि मुंग्या मुकुटातून उतरून खांद्यावरून खाली त्याच पायांकडे निघालेल्या. पहिली ओरडली ती मेणबत्त्यांच्या मानाच्या घरातली म्हातारी. मग रांग विस्कटली. फादरांनी उपदेशात दोनदा मान खाजवली आणि तिसऱ्यांदा उपदेशच आटोपता घेतला. उपदेश लवकर संपला म्हणून गावातल्या बऱ्याच जणांनी मनातून आमचे आभार मानले असतील, पण बाहेर येऊन सगळे ह्यांच्याकडे बघून हसत होते.

फादर नवे होते, शहरातून आलेले, शिस्तीचे. ईस्टर झाल्यावर त्यांनी ह्यांना बोलावून घेतलं. म्हणाले, "पुढच्या वर्षी मला स्वच्छ मुकुट पाहिजे. जमत नसेल तर आत्ताच सांगा. तुमच्या मोठ्या भावाकडे बोर आहे असं ऐकतो. त्यांना सांगेन मी."

त्या दिवशी हे जेवले नाहीत. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "बाबांनी माझा हात धरून शिकवलंय ते. एवढी एकच गोष्ट त्यांनी मला दिली. वाडी काय, दोघांना मिळाली. ती पण माझ्याच्याने राखली गेली नाही तर..." मी ताट झाकून ठेवलं.

माझी धाकटी बहीण सिस्टर होती, देशावरच्या एका मठात. शाळेत मुलींना विज्ञान शिकवायची. तिला मी पत्रात हे सगळं लिहिलं होतं. मे महिन्यात ती आली ती तुपाच्या डब्यात एक झाड घेऊनच. बोटाएवढ्या जाड राखाडी फांद्या, अंगभर सुईसारखे लांब काटे, शेंड्याला चार हिरवी पानं, आणि त्या चार पानांच्या वर जोडीजोडीने लालभडक इवलीशी फुलं. मला तर ते झाड एखाद्या भांडकुदळ बाईने कुंकू लावल्यासारखं वाटलं.

"याला ख्रिस्तमुकुट म्हणतात," ती म्हणाली. "आमच्याकडे कुंपणाला लावलंय. दुष्काळ पडला, विहीर आटली, गुरं गेली, हे मात्र फुलत होतं. दाजी, वर्षभरात फांद्या हातभर होतील. मुकुट विणा, मुंगी याच्या वाटेला जात नाही. फक्त एक करा. पाणी घालू नका."

"रोज नको?" ह्यांनी विचारलं.

"माती पार कोरडी पडली, की मग चार दिवस थांबायचं. आणि मग घालायचं. थोडंसं."

ह्यांचं तोंड असं झालं की जणू तिने तान्ह्या मुलाला आठवड्यातून एकदा पाजा म्हणून सांगितलं. "बरं" म्हणाले. ती गेली त्याच संध्याकाळी मी बघते तर हे झारी घेऊन डब्यासमोर उभे.

"अहो!"

"थोडंसंच. लांबून आलंय बिचारं. तहान लागली असेल."

पंधरा दिवसांत एक फांदी बुडाशी मऊ पडली आणि आडवी झाली. मी असा आवाज लावला की गडग्यापलीकडून जाऊबाई विचारायला आली, कोण गेलं म्हणून. मग मी ते झाड माझ्या ताब्यात घेतलं. वाळू आणि विटांचा चुरा आणून नव्या कुंडीत भरला. पावसाळ्यात ते पडवीत उंच फळीवर ठेवलं, जिथे ह्यांची नजर पोचेल पण झारी पोचणार नाही. हे रोज येऊन खालून बघायचे. "कसं राहतं गं ते?" असं म्हणायचे आणि मान हलवत जायचे. मला वाटतं, त्यांना झाडापेक्षा माझी भीती जास्त वाटायला लागली होती, की ही बाई काय काय करू शकेल.

झाड मात्र वाढलं. पाऊस संपल्यावर मी कुंडी उन्हासाठी गडग्यावर नेऊन ठेवली, कारण वाडीत दुसरीकडे सगळीकडे केळीची सावली. नाताळपर्यंत तीन फांद्या झाल्या, काट्यांनी भरलेल्या. ह्यांनी सुतळीने माप घेतलं. मूर्तीच्या डोक्याला एक फेरा बसेल एवढ्या झाल्या होत्या. आणखी दोन महिने हवे होते. त्या दिवशी हे पहिल्यांदा वाडीत शीळ घालताना ऐकू आले.

राखेचा बुधवार झाला, ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा प्रायश्चित्तकाळ सुरू झाला, ऊन तापायला लागलं. आणि एका संध्याकाळी मी कुंडीत बोट घातलं तर माती ओली.

मी घरात गेले. "घातलंत ना पाणी?"

"नाही."

"माती ओली आहे."

"मी हात लावला नाही. बाबांची शपथ!"

दुसऱ्या दिवशी पुन्हा ओली. तिसऱ्या दिवशीही. मी पुठ्ठ्याचा तुकडा घेतला आणि मी शिकवायची त्या शाळेत फळ्यावर लिहिते तशा ठळक अक्षरात लिहिलं, "या झाडास पाणी घालू नये", आणि कुंडीला बांधलं, आमच्या घराकडे तोंड करून. पहिलीतल्या मुलांना वाचता येईल असं अक्षर होतं. चौथ्या दिवशी माती ओलीच. पुठ्ठाही ओला. आता हे माझ्यावरच उलटले. म्हणाले, "तूच घालतेस आणि माझ्यावर आळ घेतेस!" चांगलं जुंपलं आमचं. एका घरात दोन अबोले झाले, एक गडग्यावरचा आणि एक माजघरातला. तिकडे झाडाची पानं पिवळी पडून गळायला लागली.

माझी शाळा सकाळची. एका दुपारी मी पोरांना झोपवलं, वाडीत सगळं सामसूम झालं, आणि मी खिडकीखाली चटईवर पडून डोळे किलकिले करून बघत राहिले. घामाने जीव जात होता. तीनच्या सुमाराला गडग्यापलीकडून एक हात वर आला. हातात ॲल्युमिनियमचा तांब्या. हात वाकडा झाला, कुंडीत पाणी पडलं, सावकाश, आळं भरतात तसं. मग तांब्या गेला आणि रिकामा हात परत आला, आणि त्याने बोटाने माती जराशी दाबली. बोटं बघून मला ओळख विचारायची गरजच पडली नाही.

मी धावत मागच्या वाटेने जावेकडे गेले. तिला सांगितलं तेव्हा ती आधी विश्वासच ठेवेना. "आमचे? ते तर तुमच्याकडे मान वळवत नाहीत गो! कोंबडा तुमच्या अंगणात गेला तर त्यालाही हाक मारत नाहीत." मग दुसऱ्या दिवशी तिने स्वतः पाहिलं आणि आम्ही दोघी तिच्या स्वयंपाकघरात पदर तोंडात कोंबून हसलो. हसणं थांबल्यावर मात्र मला धडकी भरली. ह्यांना सांगावं तर हे काय समजणार? की मान हवा म्हणून मोठा भाऊ झाड मारतो आहे. न सांगावं तर झाड मरणार. आम्ही ठरवलं, गुपचूप निस्तरायचं. तिने तांब्या लपवला. दिरांनी करवंटीने पाणी घातलं. मी पुठ्ठा फिरवून त्यांच्या बाजूला केला. काही फरक पडला नाही.

गुड फ्रायडेच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारला आठ दिवस उरले आणि व्हायचं तेच झालं. हे दुपारी फावडं शोधायला परत आले आणि त्यांनी हात पाहिला. मी खिडकीतून बघते तर ह्यांनी गडग्यावरून तो हात मनगटाला धरलेला, करवंटी हवेत.

"दादा!" तीन वर्षं अकरा महिन्यांनी हे पहिल्यांदा त्यांना हाक मारत होते आणि ती असली. "झाड मारतोस माझं? मान पाहिजे ना तुला? फादरांनी सांगितलं वाटतं?"

दीर गडग्यापलीकडे ताठ उभे राहिले. चेहरा लाल. "मान? मला बाबांनी मुकुटाला हात लावू दिला नाही कधी, आणि मी आता मान मागू? सोड हात! झाड तहानेने मरायला टाकलंयस. पानं बघ, पिवळी पडलीत. कुणीतरी बघायला नको?"

"पाणी जास्त झालं म्हणून पिवळी पडली ती!"

"पाणी कधी जास्त होतं का?"

आता खरं सांगायचं तर मनातून ह्यांचंही मत तेच होतं. माझ्या बहिणीच्या आणि माझ्या धाकाने हा माणूस दहा महिने गप्प बसला होता.

"आणि तो पुठ्ठा?" हे म्हणाले. "वाचता येत नाही?"

"वाचला की. मला वाटलं, तुझ्या बायकोने तुझ्यासाठी लावलाय. म्हटलं, आता हा तर घालणार नाही. मग कोण घालणार?"

बाजूच्या वाडीतले लोक जमायला लागले होते. ह्यांनी आवाज आणखी चढवला. "आणि पाणी कुठलं? दुपारची पाळी माझी! माझ्याच पाळीतलं पाणी चोरून माझ्याच झाडाला?"

"तुझ्या पाळीतलं नाही," दीर म्हणाले. "सकाळी माझ्या पाळीत एक डबा भरून ठेवतो मी. रोज."

ह्यांनी हात सोडला. मला वाटलं, आता बोलतील, आता मिटेल. कसलं काय! दीर वळून घरात गेले, हे वाडीत गेले, आणि जमलेल्या लोकांनी मला विचारलं, "काय झालं हो?" मी म्हटलं, "डोंबल माझं!" आणि दार लावून घेतलं. आत येऊन मी रडले. हसू येत होतं आणि रडतही होते, आणि दोघांचाही राग येत होता.

झाडाचं बूड कुजलं होतं. तीन फांद्यांपैकी दोन हातात घेतल्या तर मेणासारख्या दबल्या. एक तेवढी शेंड्याकडे वीतभर शाबूत होती. ती मी कापली, तिचा पांढरा चीक पुसला, आणि स्वयंपाकघरात खिळ्याला उलटी टांगली. वीतभर फांदीत मूर्तीचा एक कानही झाकला नसता. हे येता-जाता तिच्याकडे बघायचे. चिंचोटीला जायचं नाव काढलं नाही. झावळ्यांच्या रविवारी देवळाबाहेर फादरांनी विचारलं, "मुकुटाचं काय?" हे म्हणाले, "होतोय." घरी येऊन मला म्हणाले, "सोमवारी जाऊन सांगतो त्यांना, नाही जमत म्हणून."

सोमवारी सकाळी हे सदरा घालत होते. गडग्यापलीकडे कुऱ्हाडीचे घाव ऐकू आले. मग दिरांचा तो खणखणीत आवाज, बायकोला उद्देशून. "बोर छाटतोय मी. फार माजलीय. फांद्या टाकायला इथे जागा नाही. गडग्यापलीकडे टाकतो. कुणाची हरकत असेल तर सांग म्हणावं!"

जाऊ गडग्याशी आली. तोंड उघडणार तोच मी म्हटलं, "राहू दे, ऐकलं."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे सदऱ्याची बटणं परत काढत होते. मोठ्याने म्हणाले, मला उद्देशून, "आपल्या अंगणात कुणी कचरा टाकला तर तो आपला. हरकत कसली!"

भराभर फांद्या येऊन पडल्या. मुकुटाला दोन पुरल्या असत्या, दिरांनी अर्धी बोर टाकली. हे विणायला बसले तर फांद्या बाभळीहून कडक, वाकवल्या की काडकन मोडायच्या. तीन मोडल्या. गडग्यावर दिरांचं डोकं उगवलं. थोडा वेळ बघितलं त्यांनी, मग राहवलं नाही. या वेळी मध्ये बायको नाही, काही नाही. "अरे, भिजत घाल! बाबा बावखलात भिजत घालायचे रात्रभर. जिथे पाणी पाहिजे तिथे तू घालत नाहीस!"

"माहीत आहे मला," हे म्हणाले, आणि फांद्या उचलून बावखलाकडे गेले. माहीत नव्हतं. सासरे ह्यांच्यापुढे भिजलेल्या फांद्याच ठेवायचे, विणायचं तेवढं ह्यांना शिकवलेलं. भिजवायच्या कामाला कोण असायचं, ते मला त्या दिवशी कळलं.

गुरुवारी मुकुट झाला. सुरेख झाला. मुंगी आहे का म्हणून हे तो तासभर उन्हात झटकत होते. मग शेवटी स्वयंपाकघरात येऊन खिळ्यावरची फांदी मागितली. आणि बघतो तर काय, दहा-बारा दिवस पाण्याचा थेंब नाही, माती नाही, उलटी टांगलेली, आणि तिला शेंड्यावर लाल फुलांचे चार झुपके आलेले. इतके महिने जपलं तर मरायला टेकलं होतं, आणि तोडून खिळ्याला लटकावलं तर फुललं. ह्यांनी ती फांदी मुकुटात कपाळाच्या जागी अडकवली. त्यांना आपल्या झाडाचं काहीतरी त्यात हवं होतं, एवढंच. दुसरा विचार कुणाच्याच मनात आला नाही.

आला तो फादरांच्या. शुक्रवारी दुपारी देवळात त्यांनी मुकुट हातात घेतला, फिरवून बघितला, फुंकर मारून बघितली. मग बोट ठेवलं. "हे काय? प्रायश्चित्तकाळात फुलं? तीही आज? आल्तारावर आज साधी मेणबत्ती नाही आणि तुम्ही फुलं आणलीत?"

ह्यांचा चेहरा पांढरा पडला. चाळीस वर्षं गुड फ्रायडेला जाणारा माणूस, लहानपणापासून माहीत असलेली गोष्ट, आणि ऐन वेळी डोक्यातून गेली. भोवती मानाची सगळी घरं उभी. फांदी ओढून काढायची तर अख्खी वीण सुटणार. मी मागे उभी होते आणि मला वाटलं, गेलं, आता सगळ्यांसमोर जाणार.

"ती फुलं नव्हेत, फादर."

मोठे दीर पुढे आले होते. वाडीतला सर्वांत सरळ माणूस. भाजीच्या टोपलीत वर चांगली आणि खाली किडकी वांगी कधी ठेवली नाहीत. पाळीत अर्धा तास जास्त मोटार चालली तर डोळा लागला म्हणून सांगितलं, आणि आता मला पटतं, तो खरंच लागला असणार.

"पानं आहेत ती," दीर म्हणाले. "या झाडाची वरची पानं लालच असतात. मी रोज बघतो ना."

फादरांनी त्यांच्याकडे बघितलं, मुकुटाकडे बघितलं. शहरातला माणूस, त्यांना काय कळणार! "पानं असतील तर चालतील," म्हणाले, आणि मुकुट मूर्तीच्या डोक्यावर ठेवला. ह्यांनी खाली मान घातली होती. दिरांनी वर बघितलंच नाही.

शनिवारी जाऊ माझ्याकडे आली ती डोळे मोठे करून. "अगो, आमचे पुन्हा पापनिवेदनाला गेलेत! बुधवारी तर केलं होतं." ज्या फादरांशी खोटं बोलले त्यांच्याच पुढे गुडघे टेकायचे होते त्यांना. रांगेत अर्धा तास उभे होते म्हणे, घामाघूम. फादर आतून काय म्हणाले ते फादरांनाच ठाऊक. प्रायश्चित्त म्हणून रोज तीस 'नमो मरिया', महिनाभर, गुडघ्यांवर. दिरांचे गुडघे आधीच दुखायचे. रोज संध्याकाळी हे गडग्याशी जाऊन उभे राहायचे आणि तिकडून प्रार्थना संपली की हात देऊन त्यांना उठवायचे. ह्यांना गडगा ओलांडून जाताना मी त्या महिन्यात पहिल्यांदा पाहिलं.

मी ही सगळी हकीकत बहिणीला लिहिली होती. तिचं उत्तर मे महिन्यात आलं. हसून हसून पोट दुखलं म्हणून लिहिलं होतं, आणि खाली, "पण तुझे दीर मोठे जाणकार आहेत हं. त्या झाडाचा लाल भाग खरंच पाकळ्या नव्हेत. ती पानंच असतात, रंगलेली. खरं फूल म्हणजे मधला तो पिवळा ठिपका. त्यांना कसं माहीत?"

मी ते दोनदा वाचलं. बाहेर दोघे भाऊ मोटार उघडून बसले होते आणि पट्टा कसा घालायचा यावरून कचाकचा भांडत होते. दिरांना हाक मारून सांगावं असं माझ्या अगदी ओठांवर आलं. मग मी थांबले. त्या माणसाला काही माहीत नव्हतं. त्याच्या मते तो देवळात उभं राहून, येशूच्या मूर्तीसमोर, धडधडीत खोटं बोलला होता, धाकट्या भावासाठी. त्याची शिक्षा त्याने रोज दुखऱ्या गुडघ्यांवर भोगली होती. ते खोटं नव्हतंच असं सांगून, भावासाठी त्याने केलेलं एवढं मी त्याच्याकडून काढून घेतलं असतं.

"सिस्टरचं पत्र का?" दिरांनी मान वर करून विचारलं. "काय म्हणते?"

"बरी आहे म्हणते, भावजी," मी म्हटलं, आणि पत्र चुलीत घातलं.